ऑपरेटरबाईंच्या दारामागची फळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांचे दात ज्यांच्या कृपेने अजून जागेवर आहेत असे आपले डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर विराजमान सचिव महोदया, आजच्या सत्कारमूर्ती आदरणीय ऑपरेटरबाई, त्यांना न्यायला खास प्रवास करून आलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी, वेळेवर येऊन पंख्याखालच्या खुर्च्या पटकावणारे ज्येष्ठ सभासद, उशिरा आल्यामुळे टेबल-टेनिसच्या टेबलाला टेकून उभे असलेले बाकीचे सभासद, आणि तिसऱ्या रांगेतून मला आत्तापासूनच 'आटपा' अशी खूण करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा सचिव महोदयांनी बजावलं, "पाच मिनिटं हं. आणि धंद्याचं बोलायचं नाही." आता तुम्हीच सांगा, न्हाव्याला सांगितलं की डोक्याकडे बघू नकोस, तर तो बघणार कुठे? मी या सोसायटीच्या गेटाजवळ बसणारा घरांचा एजंट. माझं ऑफिस एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर मी बाहेर उभा राहतो. मुलं मला टूबीएचके काका म्हणतात. मोठी माणसं माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण आजचा दिवस मंगल आहे, तो विषय नको.

तर धंद्याचं थोडं बोलावंच लागेल. कारण बाईंचं घर मी विकलं. या सभागृहात आज जो हुंदका दबून बसला आहे, त्याला कायद्याने जबाबदार माणूस मीच.

घर दाखवणं ही एक कला आहे, मंडळी. कुठल्या घरात सकाळी जायचं, कुठल्या घरात दुपार टळल्यावर जायचं, कोणती खिडकी आधी उघडायची आणि कोणती अजिबात उघडायची नाही, हे ज्याला कळलं तो एजंट. शिवाय हल्ली गिऱ्हाइकाला नुसतं घर चालत नाही. त्याला हिरवळ लागते. त्यामुळे आम्हीही शिकलो. समोर एक झाड असलं की 'निसर्गाच्या कुशीत'. दोन झाडं असली की 'वनराईच्या सान्निध्यात'. एकही झाड नसलं की 'भरपूर मोकळी हवा'. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, आमचा अर्धा धंदा त्या 'दुरून'वरच चालतो.

अशा माणसाच्या दुकानासमोरच्या इमारतीत, तळमजल्यावर, ऑपरेटरबाई राहत होत्या. नव्या सभासदांसाठी सांगतो, बाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. त्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावाला बोलायचं तर मधे एक माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे बाई. समोर भोकांची फळी, हातात वायरी. ह्याची वायर त्याला, त्याची तिला. निवृत्त झाल्या, एक्सचेंज बंद पडलं, फळी भंगारात गेली. पण हाताची सवय जाते होय?

बाईंच्या दारामागे दुसरी फळी आली. लाकडी, साधी, खिळे ठोकलेली. आणि त्या खिळ्यांवर आपल्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या.

सुरुवात झाडांपासून झाली होती. कुणी गावाला निघालं की म्हणायचं, "बाई, कुंड्यांना जरा पाणी घालाल?" बाई घालायच्या. मग पाण्याबरोबर खिडक्या उघडणं आलं. मग टाकीचा नळ बंद आहे का बघणं आलं. मग कुणाचं पार्सल, कुणाची चुकून आतून लॅच लावून बसलेली चिमुरडी. परत आल्यावर किल्ली मागायला कुणी गेलं की बाई म्हणायच्या, "राहू दे की तिथेच, पुन्हा जाशीलच की." आणि ती तिथेच राहायची. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर इथे बसल्या आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची शुश्रूषा केली, आणि एकदा स्वतःच इस्पितळाच्या पलंगावर आडव्या झाल्या. घरी परतल्या तेव्हा काय बघितलं? पडदे धुतलेले, फ्रीजमध्ये दूध, आणि गॅलरीतली झाडं जाताना होती त्याहून टवटवीत. सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "अहो, मला वाटलं, माझ्यावाचून घर जास्त सुखात होतं."

माझ्याही दुकानात किल्ल्यांची फळी आहे. प्रत्येक किल्लीला नंबराची चिठ्ठी, चिठ्ठीवर इमारत, मजला. बाईंच्या किल्ल्यांना चिठ्ठी नाही. त्या म्हणायच्या, "उद्या चोर आला तर त्याला काय पत्ते वाचून दाखवू?" त्यांच्या किल्ल्यांना खुणा. सिस्टरांच्या किल्लीला पांढरं बटण. शिंप्याच्या किल्लीला रिकामं रीळ. डॉक्टरसाहेबांच्या किल्लीला त्यांच्याच दवाखान्यातला प्लॅस्टिकचा दात. बाई डोळे मिटून, नुसतं चाचपून सांगायच्या कुणाची कोणती ते. फरक एवढाच, की माझ्या फळीवर रिकाम्या घरांच्या किल्ल्या, त्यांच्या फळीवर भरल्या घरांच्या.

आणि या सबंध सोसायटीत एकाच घराची किल्ली त्या फळीवर नव्हती. कुणाची ते सांगायला हवं का? सौभाग्यवती मान हलवताहेत. माझी. धंद्याने मला शिकवलं की किल्ली हातची सोडू नये. मग झाडांचं काय करायचं? आम्ही झाडं बरोबर न्यायचो. हसू नका. कुंड्या मांडीवर घेऊन सासुरवाडीला जाणारा जगातला एकमेव जावई मीच असेन. सासूबाई दारात आल्या की आधी मोगऱ्याची चौकशी करायच्या, मग माझी. सौभाग्यवती दर वेळी म्हणायची, "अहो, बाईंकडे द्या की एक किल्ली." मी म्हणायचो, "बघू." हे 'बघू' काय चीज असते ते इथल्या सगळ्या पत्नींना ठाऊक आहे.

आता डॉक्टरसाहेब, एक प्रसंग सांगतो. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरतो, कारण मागितली तर मिळणार नाही.

पहिल्या मजल्यावरचं, बाईंच्या डोक्यावरचंच घर बरेच दिवस विकलं जात नव्हतं. गॅलरी उघडीबोडकी. मी बाजारातून प्लॅस्टिकची झाडं आणली. उत्तम प्रतीची. पानांवर दवाचे थेंबसुद्धा प्लॅस्टिकचे. कुंड्यांत वरून खरी माती पसरली, म्हणजे कसं, संशय नको. रिकाम्या घराची हवा कोंदते म्हणून त्या एका घराची किल्ली मी बाईंकडे दिली होती, अधूनमधून खिडक्या उघडायला. नेमक्या त्याच सुमारास बाई तापाने पडल्या. बाई पडल्या म्हणजे पाण्याची सगळी यंत्रणाच पडली. तेव्हा डॉक्टरसाहेब पुढे सरसावले. म्हणाले, "फळीवरच्या सगळ्या घरांचं मी बघतो." आणि मनापासून बघितलं. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी घरोघर फिरून झारीने पाणी घातलं. त्या रिकाम्या घरातल्या झाडांनासुद्धा. रोज. वर बाईंना रिपोर्ट, "पहिल्या मजल्यावरची झाडं फार गुणी आहेत हो. एक पान पिवळं नाही." बाई तापातही उठून बसल्या म्हणे. पण झाडं कसली आहेत ते त्यांना सांगितलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण मी शाळेत ऐकली होती. प्रत्यक्ष बघायचं भाग्य मला अध्यक्षांमुळे लाभलं.

पण गंमत पुढेच आहे. ते पाणी जाणार कुठे? कुंडीतून गॅलरीत, गॅलरीच्या नळीतून खाली, बाईंच्या मागच्या अंगणात, थेट खताच्या खड्ड्याच्या कडेला. आपण सगळे आपापला ओला कचरा त्या खड्ड्यात नेऊन टाकतो, त्यात कुणीतरी टाकलेल्या भोपळ्याच्या बिया होत्या. वेल उगवला. पाइप धरून चढला. आणि मी पुढचं गिऱ्हाईक घेऊन गॅलरीत आलो, तर कठड्यावर पिवळी फुलं. ते नवरा-बायको माझ्या उत्तम प्रतीच्या झाडांकडे ढुंकूनही बघेनात. बायको त्या वेलाला हात लावून उभी, आणि नवरा खाली वाकून विचारतोय, "हा कुणाचा?" खालून ऑपरेटरबाईंचा आवाज आला, "जो जेवायला बोलावेल त्याचा." त्यांनी घर घेतलं. ते दोघं आज भिंतीशी उभे आहेत, उशिरा आलेल्यांत. ती प्लॅस्टिकची झाडं मी परत नेली आणि दुकानाच्या माळ्यावर टाकली. ती लक्षात ठेवा.

तेव्हापासून मी आणि बाई यांच्यात एक सलगी झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या मागच्या अंगणात जाऊन बसायचो. अंगण कसलं, एक पट्टा. पण त्यात खताचा खड्डा, पावसाचं पाणी साठवायचं पिंप, रोपांचे डबे, सगळ्यांनी मिळून वापरायची एक शिडी आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. माझ्या जाहिरातीत ज्याला 'हरित जीवनशैली' म्हणतात ते बाईंच्या भाषेत 'टाकू नकोस, दे इकडे' एवढंच होतं. कुणाचा फुटका माठ, दे इकडे. भाजी धुतलेलं पाणी, दे इकडे. सेवानिवृत्त होऊन घरात चिडचिड करणारा नवरा, त्यालाही दे इकडे, पालापाचोळा गोळा करील. नावं घेत नाही, पण तिघे-चौघे समोर बसले आहेत आणि त्यांचा रंग किती सुधारलाय बघा.

आणि मग एके दिवशी बाई माझ्या दुकानात आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "माझं घर विकायचंय रे."

त्यांच्या धाकट्या बहिणीची नजर कमी होत चालली होती. ताई, आपण समोरच बसला आहात, मी बोलतो त्यात चूक झाली तर टोका. बाई म्हणाल्या, "ती एकटी आहे, मी एकटी आहे. लहानपणी शाळेत जाताना ती माझं बोट धरायची. आता पुन्हा धरेल. त्यात काय मोठंसं." मला वाईट वाटलं, पण धंदेवाईक माणूस आहे, वही-पेन काढलं. तळमजला, कोपऱ्यातलं घर, मागे अंगण. गरम भाकरीसारखं जाईल, मी म्हणालो.

"जाईल रे," बाई म्हणाल्या, "पण कुणाकडे? मागे फरशी टाकणाऱ्याला द्यायचं नाही. आणि फळी घरातच राहील. जो घर घेईल त्याने फळी सांभाळायची."

मी म्हटलं, "बाई, असं कागदावर लिहिता येत नाही. एकदा घर त्याचं झालं की तो फरशी टाकेल नाहीतर विहीर खणेल."

"म्हणून तर कागदावर नको म्हणतेय. माणूस बघ."

"बाई, मी घरं विकतो. वारस शोधत नाही."

"मग शीक," म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

त्या दिवसापासून माझी जी वरात निघाली, ती या खिडक्यांतून आपण सर्वांनी पाहिली आहे. गिऱ्हाईक आणायचं, घर दाखवायचं, हवा दाखवायची, उजेड दाखवायचा, आणि शेवटी बाई शांतपणे एकच प्रश्न विचारायच्या. "तुम्ही गावाला गेलात की किल्ली कुणाकडे ठेवता?"

बस. एवढाच. या एका प्रश्नावर माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं आडवी झाली, मंडळी.

एक गृहस्थ आले, मोठ्या गाडीचे. अंगण पाहून खूश. पावलांनी मोजलं आणि म्हणाले, "वा, फरशी टाकली की गाडी बरोब्बर बसते." बाईंनी प्रश्न टाकला. ते म्हणाले, "आमचं दार बोटाच्या ठशाने उघडतं." बाई म्हणाल्या, "मग गावाला जाताना बोट शेजारी ठेवून जाता?" गृहस्थ मागितल्यापेक्षा जास्त द्यायला तयार होते. मी बाईंकडे असं बघितलं, जसं उपाशी माणूस झाकलेल्या ताटाकडे बघतो. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग एक जोडपं आलं. अगदी निसर्गप्रेमी. कापडी पिशव्या, पाण्याच्या तांब्याच्या बाटल्या. खताच्या खड्ड्याचे त्यांनी इतके फोटो काढले की खड्डा लाजला असेल. मला वाटलं, झालं काम. मग बायकोने विचारलं, "याला वास येतो का?" येतो. "किडे?" असतात. "मग हे गच्चीवर हलवता येईल का?" आणि किल्लीच्या प्रश्नावर दोघं एका सुरात म्हणाले, "किल्ली आम्ही कुणालाच देत नाही." बाईंनी त्यांना मिरचीचं रोप दिलं आणि प्रेमाने निरोप दिला. नंतर मला म्हणाल्या, "चांगली आहेत पोरं. त्यांना हिरवं हवंय, पण ओलं नकोय." मी विषय बदलला, कारण किल्लीबाबतचं त्यांचं उत्तर आणि माझं उत्तर एकच होतं.

इकडे रोज संध्याकाळी बहिणीचा फोन. "कधी येतेस?" "येतेय गं, टूबीएचके गिऱ्हाईक शोधतोय." खापर कुणावर, तर माझ्यावर. एकदा ताई रस्त्यात पायरी चुकून पडल्या, गुडघा फुटला, त्यांनी फोनवर सांगितलंही नाही, शेजारणीकडून कळलं. त्या दिवशी बाई अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या. घडी घालता घालता मला म्हणाल्या, "आण रे त्या गाडीवाल्याला. देऊन टाकू." मी त्यांचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांत बाईंचा आवाज पडलेला मी ऐकला नव्हता. आणि खरं सांगतो, ज्या वाक्याची मी इतके दिवस वाट बघत होतो, ते हेच. त्यांनी हो म्हटलं होतं, मोठा सौदा होता, फोन हातात होता. मी म्हणालो, "बाई, मला अजून थोडे दिवस द्या." असं वाक्य माझ्या तोंडून निघाल्याचं कळलं असतं, तर माझ्या वडिलांनी, ज्यांनी हे दुकान सुरू केलं, माझा कान धरला असता.

आणि मग बोटवाले आले. ते बघा, मागे दाराशी उभे आहेत, खुर्ची रिकामी असून बसत नाहीत. जहाजावर आचारी होते. अर्धं आयुष्य समुद्रावर. आता इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आहे. घर बघायला आले तेव्हा मी नेहमीचं सुरू केलं, हवा, उजेड, निसर्गाच्या कुशीत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "साहेब, मातीतलं मला काही कळत नाही. जहाजावर माती नसते." मी मनात म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

बाईंनी प्रश्न विचारला. "गावाला गेलात की किल्ली कुणाकडे ठेवता?"

बोटवाल्यांनी एकदा अंगणाकडे बघितलं. मग म्हणाले, "ठेवायला कुणी नव्हतं, बाई. एकदा एक कुंडी आणली होती. जहाजावर जाताना घरात ठेवून गेलो, भरपूर पाणी घालून. परत आलो तर नुसती काडी. तेव्हाच ठरवलं, आता घर घेईन ते जिथे किल्ली ठेवता येईल अशा ठिकाणीच घेईन."

बाई उठल्या, दारामागे गेल्या, आणि फळी काढून आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. तेवढ्यावरच सौदा झाला, मंडळी. माझ्या हयातीत मी इतका कमी बोलून एकही सौदा केलेला नाही.

त्यानंतरची त्यांची शिकवणी आपण पाहिलीच. बोटवाल्यांना रोप आणि गवत यांत फरक कळेना. त्यांनी मोठ्या कष्टाने बाईंची सगळी कोथिंबीर उपटली आणि गवताला पाणी घातलं. पण वाळत घालायच्या त्या लोंबकळणाऱ्या दोऱ्यांना त्यांनी जहाजाच्या गाठी मारल्या, आणि आता त्यावर ओली गोधडी टाकली तरी दोरी हूं की चूं करत नाही. फळीवरच्या खुणाही पाठ झाल्या. फक्त एकदा शिंप्याच्या किल्लीने सिस्टरांचं दार उघडायचा प्रयत्न चालला होता, आणि सिस्टर आत होत्या. आता ओळख झाली आहे, त्यामुळे तो विषय मिटला.

आता मी शेवटाकडे येतो. सौभाग्यवती, हात खाली घ्या.

घराचा ताबा देण्याची माझी एक पद्धत आहे. कागद होऊ देत, सह्या होऊ देत, पण शेवटच्या दिवशी विकणाऱ्याला मी घरात थोडा वेळ एकटं सोडतो. मी बाहेर पायऱ्यांपाशी उभा राहतो. आत काय करतात ते मी विचारत नाही. कुणी रडतं, कुणी केर काढतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप लावायचं आणि किल्ली माझ्या हातात द्यायची. वडिलांनी घालून दिलेला रिवाज आहे.

परवा दुपारी बाई आत गेल्या. मी बाहेर. अंगणाकडचं दार उघडल्याचा आवाज आला, पिंपाचं झाकण वाजलं. मग त्या बाहेर आल्या, कुलूप लावलं, आणि सवयीने किल्ली पर्समध्ये टाकून चालू लागल्या. मी नुसता हात पुढे केला.

"अरे हो," म्हणाल्या. पर्समध्ये शोधू लागल्या, जशी काही ती त्यात हरवलीच आहे. किल्ली दिली. फळी तर आधीच बोटवाल्यांची झाली होती. मग रिकाम्या पर्सची चेन लावता लावता म्हणाल्या, "बघ कसं असतं. सगळ्या सोसायटीच्या किल्ल्या होत्या माझ्याकडे. आता इथे आले तर बेल वाजवावी लागेल. इतक्या वर्षांत इथली एक बेल मी वाजवली नाही रे."

मी बोलण्यावर पोट भरणारा माणूस. पण नुसतं "चला, रिक्षा थांबवतो," असं काहीतरी म्हणालो.

घरी गेलो, सौभाग्यवतीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. इतकी वर्षं जे म्हणत आली तेसुद्धा म्हणाली नाही, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. काल सकाळी मी कोट चढवताना बघतो तर खिशात काहीतरी वाजतंय. आमच्या घराच्या किल्ल्या. दोन. तिने किल्लीवाल्याकडून करून आणलेल्या. आणि दोन्हींना खूण बांधलेली. ही बघा. मागे दिसतंय का? पान आहे. हिरवंगार, वर दवाच्या थेंबासकट. माझ्या माळ्यावरच्या प्लॅस्टिकच्या झाडाचं. डॉक्टरसाहेब, तुम्ही ज्याला पाणी घातलं होतं तेच. एवढ्या पाण्यानंतर कुठेतरी ते कामी यायचंच होतं.

यातली एक किल्ली काल मी बोटवाल्यांच्या फळीवर टांगली. सौभाग्यवतीच्या साक्षीने. तेव्हा पुढच्या सुटीत सासूबाईंना मोगरा भेटायचा नाही, त्यांनी नुसत्या जावयावर समाधान मानावं.

ही दुसरी. बाई, ही तुमची.

सोसायटीतर्फे तुम्हाला मानपत्र आहे, शाल आहे, ते सचिव महोदया देतीलच. हे माझ्या घरातर्फे आहे. मी आजवर शेकडो लोकांच्या हातात किल्ल्या दिल्या, पण त्या सगळ्या रिकाम्या घरांच्या. भरल्या घराची किल्ली देण्याची ही माझी पहिलीच वेळ. नाव माझं टूबीएचके आहे, तेव्हा खोली शिल्लक आहे हे काही मी वेगळं सांगायला नको. ताईंना घेऊन या. सांगून या, न सांगता या. आम्ही घरात नसलो तरी या. मोगऱ्याला पाणी घाला, आमचा चहा करून प्या, आणि माझ्या घरात काय काय टाकायला नको होतं ते शोधून 'दे इकडे' म्हणा.

ताई, तुम्हाला एक विनंती. तुमच्या गल्लीत कुणाची झाडं वाळत असतील, तर आता काळजी नाही म्हणावं. आणि दाराच्या मागे चार खिळे ठोकून ठेवा. लागतील.

अध्यक्ष महोदय, आपण माझे विनोद उघड्या तोंडाने ऐकून घेतलेत, एरवी तुमच्यासमोर आम्ही तोंड उघडतो, त्याबद्दल आपले आभार. सचिव महोदयांची पाच मिनिटं मी तिप्पट केली, धंद्याचं बोललो, कुणाच्या खासगी दारावर नको तेव्हा टकटक केली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते सगळं पदरात घ्या आणि माझी चूक बाईंच्या खड्ड्यात टाका, तिथे वाईटाचंसुद्धा खत होतं.

आणि बाई, एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आमचं दार जरा खाली घासतं, तेव्हा किल्ली फिरवताना ते थोडं वर उचलून ढकलायचं. बेलचं बटण शोधू नका. आज सकाळी मी ते काढून टाकलंय.